धुळीतली पाठ

पेंटरने संगणकाच्या पडद्यावर एका जागी काळी चिकटपट्टी लावली होती. वायरमन वापरतात ती. तुकडा नखाएवढा होता. त्याखाली आरशाचे बटण होते. चित्राची डावी बाजू काढावी, ते बटण दाबावे, उजवी बाजू आपोआप तयार होते. आमच्या धंद्यातील निम्मे काम त्या बटणावर चालते. पेंटरने ते झाकून टाकले होते.

"आरसा टोपी घालायला ठीक हाय," तो म्हणे. "मानसाची उजवी बाजू डावीसारखी असती व्हय? मग लाकडानंच काय पाप केलंय?"

तो एकेकाळी खरोखरचा पेंटर होता. घोटावड्याच्या पंचक्रोशीतील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर त्याने मोर, कमळे आणि मालकांच्या मुलांची नावे रंगवली. पुढे छापील स्टिकर आले आणि ते काम सुटले. मग त्याने पुण्याला जाऊन संगणकावर चित्र काढण्याचा वर्ग केला. वर्गात सगळी त्याच्या मुलांच्या वयाची होती आणि शिकवणाऱ्यासकट कुणालाही काही येत नव्हते, असे तो सांगे. विनय हा गुण त्याच्या अंगी नव्हता.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली. येणारा प्रत्येक भाग मापात आहे की नाही हे पाहायचे, नसल्यास तांबडा शिक्का मारून बाजूस टाकायचा. निवृत्तीनंतर मी घोटावड्याच्या एका शेडमध्ये व्यवस्थापक म्हणून लागलो. मालक माण गावचा तरुण होता. त्याची भाताची खाचरे आयटी पार्कात गेली. आलेल्या पैशांत त्याने लाकूड कोरणारे यंत्र घेतले. संगणकावर काढलेली रेघ यंत्राचे फिरते पाते लाकडात जशीच्या तशी उतरवी. रेघा पेंटर काढी. यंत्रावर चढण्याआधी त्या मी तपाशी. यंत्र चालवायला बिहारचा एक ऑपरेटर होता. एवढीच आमची माणसे.

पहिल्या दिवशी मालकाने आमची ओळख करून दिली. मी हात जोडले. पेंटरने जोडले नाहीत. माझ्याभोवती एक फेरी मारून तो मागे जाऊन उभा राहिला.

"साहेब, पाठ लई झ्याक हाय तुमची," तो मोठ्याने म्हणाला.

मालकाने आणि ऑपरेटरने वळून पाहिले.

"माझ्या पाठीकडे पाहण्याचे तुम्हाला काही कारण नाही," मी म्हणालो.

"कारन कशाला लागतंय? देवानं डोळं दिल्यात."

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या पाठीचा कणा लहानपणापासून एका बाजूस झुकलेला आहे. डावा खांदा खाली, त्यामागची पाठ आत गेलेली, उजवीकडे फुगवटा. शाळेत मुले मला वाकड्या म्हणत. एकदा गुरुजीही म्हणाले, चुकून. त्यानंतर आईने बंडीला आतून, डाव्या खांद्यामागे, कापसाची घडी शिवून दिली. आईनंतर ते काम पत्नीने केले. वरून इस्त्रीचा सदरा. मी ताठ चालत असे. कारखान्यात माझ्यामागे मला 'ओळंबा' म्हणत, गवंड्याची सरळ लोंबणारी दोरी. ते मला ठाऊक होते, आणि ते मला आवडत असे. घडीची माहिती त्या दोघींपलीकडे कुणाला नाही, असा माझा समज होता.

त्या दिवसापासून मी शेडमध्ये खुर्ची भिंतीला लावून बसू लागलो.

पेंटरचा एक शब्द होता, वळण. गोल, कमान, वाक, यांपैकी एकही शब्द तो वापरत नसे. गिऱ्हाइकाने नमुना पुढे केला की याचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे वळण कुनाचं?" त्याच्या मते वळण हवेत नसते, ते कुणाच्या तरी अंगावर असते. तेथून ते उचलायचे. पडद्यावर ठिपके ठेवून, त्यांना ओढून, तो रेघ वाकवी. तीन ठिपक्यांच्या वर जात नसे. "तिनात बसंना तर ते वळण न्हाई, भांडान हाय," असे त्याचे म्हणणे. आणि काम झाले की ज्याचे वळण त्याचे नाव त्या फाइलला देई. पोस्टमनची मान. थोरल्या वहिनीचे मनगट. पौडच्या डॉक्टरची भुवई.

पौड रस्त्यावरील एका हॉटेलाचा काउंटर आम्ही केला. लोकांना तो आवडला. मालकाने एकदा सहज पडद्याकडे पाहिले तेव्हा फाइलचे नाव होते, 'मालकाचं पोट'.

"पेंटर, लेका, माझं पोट मोजलंस कवा?"

"मोजायचं काय त्यात? आदी ते येतं, मागनं तुमी येता."

"आरं, लोक माझ्या पोटावर ग्लास ठेवून दारू पित्यात व्हय रं!"

"मग? आतापत्तुर कुनाच्या कामाला आलं हुतं ते?"

मालक हसला. मला हसू आले नाही. चारचौघांत माणसाच्या शरीराविषयी बोलणे मला शिष्टाचारास सोडून वाटते. पेंटरसोबत काम करताना अशी शरम मला रोज वाटे. कधी त्याच्या वतीने, कधी समोरच्याच्या.

भुकूमला नवे घर घेतलेले एक जोडपे देव्हारा करून घ्यायला आले. दोघे विदर्भातले, दोघे हिंजवडीला नोकरीस. नवऱ्याने कागद पुढे केला.

"काका, आम्ही इंटरनेटवरून डिझाइन आणलंय. तेवढं कट करून द्या ना."

पेंटरने कागद उलटा करून पाहिला. "इंटरनेटला पाठ हाय का?"

"काय?"

"ताई, तुमी नमस्कार करा बरं."

"कोणाला?" ती म्हणाली.

"त्या पंख्याला करा, माझं काय जातंय?"

ती हसत हसत पंख्यापुढे वाकली. पेंटर डोळे बारीक करून बोट हवेत फिरवू लागला. नवरा तांबडालाल झाला. मी दोघांची क्षमा मागितली आणि चहा मागवला. देव्हारा तयार झाल्यावर ती एकटी न्यायला आली. कमानीवर तिने तळवा ठेवला.

"काका, ही मी आहे?"

"तुमी कुटं? तुमचा नमस्कार हाय."

तो नेहमीच बरोबर असायचा असे मात्र नाही. एवढे लिहिले नाही तर तपासणीस म्हणून मी खोटा ठरेन. माप हा त्याचा शत्रू होता. मी मिलिमीटरमधला माणूस. तो जुन्या सुतारांप्रमाणे इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अशा मापांत बोले. एकदा एका पलंगाच्या उशाची नक्षीदार फळी त्याने इंचांत काढली आणि यंत्राला ते आकडे मिलिमीटर म्हणून दिले. मी त्या दिवशी रजेवर होतो. यंत्राने सागवानाच्या मोठ्या फळीच्या एका कोपऱ्यात, साबणाच्या वडीएवढी, संपूर्ण नक्षी कोरली आणि थांबले.

"हे काय आहे?" मी दुसऱ्या दिवशी विचारले.

"पलंग."

"कुणाचा?"

"उंदराच्या लग्नात आहेर करू."

मी त्याला सर्वांसमोर पुष्कळ बोललो. तो ऐकत होता आणि त्या वडीवरून अंगठा फिरवत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, बारका हाय, पर वळण बगा." मी पाहिले. वळण चांगले होते. तसे मी बोललो नाही. तांबडा शिक्का मारला. त्याने तो तुकडा शिक्क्यासकट संगणकावर टांगला.

आपल्या भाषेत वाकडे ते सगळे वाईट आहे. वाकडे पाऊल, वाकडी नजर, वाकड्यात शिरणे. वळण मात्र चांगले. ते मुलाला लावतात, अक्षराला लावतात. दोन्ही शब्दांतील रेघ एकच, हे मी शाळा, कारखाना, संसार यांत कधी ऐकले नव्हते. पेंटरला वाकडे हा शब्दच ठाऊक नसावा. किंवा ठाऊक असून तो बोलत नसावा. त्याचा मला राग येई. ज्याला कुणी वाकड्या म्हटले नाही त्याला असले लाड परवडतात, असे मी मनात म्हणे.

ते भारनियमनाचे दिवस होते. गुरुवारी औद्योगिक भागाची वीज बंद असे. यंत्र थांबले की शेडमध्ये हवेत तरंगणारा भुसा खाली बसे. टेबलावर, पंख्याच्या पात्यांवर, माझ्या खुर्चीच्या काळ्या रेक्झिनवर. अशा एका गुरुवारी मी जेवून परतलो तेव्हा पेंटर माझ्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला होता. हातात पेन्सिल, आणि रेक्झिनला लावलेला पातळ ट्रेसिंगचा कागद.

"काय चालले आहे?"

"धूळ पुसतोय."

"कागदाने?"

"फडकं घावंना."

तो उठून गेला. मी खुर्चीकडे पाहिले. रेक्झिनवर सागाची पिवळट धूळ बसली होती, आणि मधोमध, जेथे माझी पाठ टेकते, तेथे ती नव्हती. त्या काळ्या डागाला आकार होता. उजवीकडे रुंद, डावीकडे निमुळता, वरून तिरपा. कुणी खडूने काढावा इतका स्पष्ट. मी रोज तो तेथे ठेवून घरी जात होतो.

मी रुमालाने खुर्ची पुसली. त्यानंतर रोज संध्याकाळी निघताना पुसत असे. पण तोवर पेंटरचे काम झाले होते.

मालकाने भुकूमजवळ रस्त्याला लागून शोरूम काढायचे ठरवले होते. "पेंटर, एक खुर्ची कर," तो म्हणाला. "अशी, की लोकांनी गाडी थांबवून बगितली पायजे." पेंटरने ती मनावर घेतली. रेघा माझ्याकडे तपासणीस आल्या तेव्हा पहिल्यांदा माझे लक्ष गेले ते फाइलच्या नावाकडे. नाव होते, 'खुर्ची'. नुसते. कुणाची, ते नाही. मग मी पाठीची रेघ पाहिली. डावीकडे तीन ठिपके, उजवीकडे तीन. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. वस्तू ओळखण्यात माझा जन्म गेला आहे. ओळखायला वेळ लागला नाही.

"दोन्ही बाजू सारख्या नाहीत," मी म्हणालो.

"न्हाईत."

"कारण?"

 पेंटर यंत्राकडे वळला. मग म्हणाला, "लाकूड तसं हाय."

हे खोटे होते. लाकूड यंत्रावर चढलेही नव्हते.

"ती पट्टी काढा आणि आरसा मारा."

"मालकाला इचारा."

मालकाला विचारले. तो म्हणाला, "करू द्या हो साहेब. त्याचं न्हेमीचंच हाय."

सागाच्या फळ्या एकमेकींना चिकटवून जाड ठोकळा केला होता. पाते त्यावर दिवसभर फिरले. एक थर जाई, खाली आकार थोडा उघडा पडे, पुन्हा थर. ऑपरेटर भुसा झाडत होता आणि गाणे गुणगुणत होता. मला तेथून हलता येईना. भर वस्तीत कुणी माझा सदरा उतरवत आहे आणि मी हात वर करून उभा आहे, असे वाटत राहिले.

खुर्ची शोरूममध्ये काचेमागे ठेवली गेली. लोक खरोखर गाडी थांबवत. आत येत, हात फिरवत, बसत, आणि उठत.

"दिसाय भारी हाय, पर ढकलती बरं का!"

"वाकडी आहे हो. बॅलन्स नाही."

"बसूनशान बग की. पाव्हण्याला घालवायला चांगली हाय ही. चहाच्या आदी उठंल!"

हे मी ऐकत असे. हिशेबासाठी मला तेथे जावे लागे. मी खुर्चीकडे पाहत नसे. पण तिच्यावर कुणी बसले की मला न पाहताच कळे. एकजात सगळे तिच्यात सरकून बसत, सरळ होऊ पाहत, मग हसत. ते हसणे माझ्या ओळखीचे होते. शाळेतले.

मालकाने पेंटरला पुष्कळदा विचारले. "कुनाची पाठ हाय रं ही?"

"हाय येकाची."

"सांग की."

"न्हाई."

"माझं पोट गावभर केलंस, आन् हितं मौनीबाबा झालास व्हय?"

पेंटर चहा बशीत ओतून फुंकर घाली. मी जवळच बसलेलो असे. आमची नजरानजर होत नसे. ती त्याने कधी होऊ दिली नाही.

खुर्ची खपली नाही. शोरूममध्ये जागा कमी पडू लागली, तेव्हा एका गुरुवारी मालकाने ती टेम्पोत घालून शेडमध्ये परत आणली. "उद्या लाइट आली की कापा," तो म्हणाला. "चांगलं सागवान हाय. दोन चौरंग निघतील."

मला वाटले पेंटर भांडेल. उंदराचा पलंगही टांगून ठेवणारा माणूस तो. पण त्याने मान खाली घालून संगणकाच्या पडद्यावरची पट्टी नखाने घट्ट केली, आणि सायकल घेऊन निघून गेला.

मी घरी आलो. पत्नीला म्हणालो, उद्या एक कटकट संपेल. कोणती, तिने विचारले. मी सांगितले नाही. माझे म्हणणे खरे होते. दोन चौरंग झाले की तो डाग जगातून पुसला जाणार होता, आणि पुसण्यासाठी मला रुमालही काढावा लागणार नव्हता.

सकाळी ऑपरेटरने खुर्ची पट्टीकरवतीजवळ आडवी केली होती. पाठ वर. पेंटर आपल्या जागी, आमच्याकडे पाठ करून. मालक मोबाइलवर बोलत फेऱ्या घालत होता. ऑपरेटरने करवतीचे बटण दाबले आणि माझ्याकडे पाहिले. "साब, काटूँ?"

परवानगी माझी लागत असे. तसा नियम मीच केला होता.

"बंद कर," मी म्हणालो.

खुर्ची उचलून मी सरळ ठेवली. मग तिच्यात बसलो.

याविषयी फार लिहिण्याची माझी इच्छा नाही. बसणे हे माझ्यासाठी नेहमी एक काम होते. उजवीकडून स्वतःला आवरायचे, डावीकडून उचलून धरायचे. त्या खुर्चीत ते काम करावे लागले नाही.

मालक फोन कानाला तसाच धरून थांबला. "साहेब, तुमाला बरी की वो बसली!" तो हसत म्हणाला. मग त्याचे हसणे थांबले. त्याने माझ्या एका खांद्याकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे, मग जमिनीकडे. ऑपरेटरलाही समजले असावे. तो करवतीवरचा भुसा झाडू लागला, जो तेथे नव्हता.

"ही मी घेतो," मी म्हणालो. "माझी आहे."

 मला लाज वाटली. ती कमी होईल असे त्या क्षणी वाटले होते. तसे झाले नाही.

मग पेंटर उठून आला. मला वाटले आता हा गाजवणार. तो माझ्या पायाशी उकिडवा बसला आणि खुर्ची हलवून पाहू लागला.

"मागला पाय सूतभर लांब झालाय. डुगडुगतीया. माझीच चूक. तासून देतो." एवढे तो सर्वांना ऐकू जाईल असे बोलला. मालक बाहेर गेला, ऑपरेटर पाण्याला गेला, तेव्हा त्याने आवाज खाली आणला. इतका खालचा आवाज त्याच्याजवळ आहे हे मला माहीत नव्हते.

"साहेब, डाव्या खांद्यामागं कापूस हाय ना?"

मी सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"त्या जागंला धूळ घासल्याली नव्हती, नुसती चेपल्याली व्हती. हाड घासतंय. कापूस घासत न्हाई. मला लई मागनं उमगलं, खुर्ची झाल्यावर." तो पायावरून अंगठा फिरवत होता. "मी कापसासकट वळण काढलं. ते तुमचं न्हाई. येकदा सदरा, बंडी काढून बसा. कुनी नसताना. दुसरी पाठ करून देतो."

"पाहू," मी म्हणालो.

पुढे तो अधूनमधून विचारी. कामाच्या मध्ये, पडद्यावरून नजर न काढता, "कवा?" एवढेच. मी म्हणे, पाहू. मंदी आली तेव्हा शोरूम गेले आणि मागोमाग शेडही. पेंटर त्यानंतर फार दिवस राहिला नाही. आजारपणात मी त्याला भेटायला घोटावड्याला गेलो होतो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. कूस बदलून त्याने माझ्याकडे पाहिले, वरपासून खालपर्यंत, आणि ओठ हलवले. काय विचारले ते मला समजले. मी या खेपेस पाहू म्हणालो नाही. त्याचे पांघरूण सरळ केले आणि निघालो.

खुर्ची पौडला माझ्या घरी खिडकीपाशी आहे. कुणी आले की मी तिच्यातून उठतो आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसतो. येणाऱ्यांना तो मान वाटतो.

पत्नी गेल्यावर घडी शिवणारे कुणी राहिले नाही. शिंप्याकडे जाण्याचे मनात आले होते, गेलो नाही. आता दुपारी दार लावून मी उघड्या अंगाने तिच्यात बसतो. उजवीकडे लाकूड पाठीला पूर्ण टेकते. डावीकडे, खांद्यामागे, टेकत नाही. तेथे कापसाच्या घडीएवढी पोकळी आहे. थंडीच्या दिवसांत त्या जागी गार लागते.